पाय पुसून उतरा

माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नाही. ह्यांना मात्र त्याचंच कौतुक. हे हवाई दलात लढाऊ विमान चालवायचे. टॉवरने परवानगी दिल्याशिवाय वैमानिकाने उतरायचं नसतं, म्हणून संध्याकाळी स्कूटरवरून घरी आले की फाटकातूनच विचारायचे, "टॉवर, उतरू का?" आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायचे, "उतरा, पण पाय पुसून!" रोजचा पोरखेळ. शेजारीण म्हणायची, तुमच्या घरात चाललंय तरी काय!

मग युद्ध झालं. जोडीदार वैमानिकाच्या पेटलेल्या विमानाला सोबत करत ह्यांनी त्याला सीमेच्या अलीकडे पोचवलं आणि मागे राहिलेल्यांसाठी पुन्हा वळले. तिथे ह्यांचंच विमान पडलं. पॅराशूटने उतरले ते शत्रूच्या शेतात. पुढे कोठडी. हिवाळ्यामागून हिवाळे गेले, तेव्हा कुठे सोडलं. मोठं पदक मिळालं, बँड वाजला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरात आवाज चढवायचा नाही. सगळं गोडीगुलाबीनं."

घेतलं बाई गोडीगुलाबीनं! शेजारणीने विचारलं, घसा बसलाय का?

दिवस कापसासारखे झाले. पडदे हलकेच फुगायचे, सासूबाई पाऊल न वाजवता चालायच्या. हे गॅलरीत खुर्चीवर डोळे मिटून बसायचे. मुठीत विमानाचा नसलेला दांडा, वळण घेताना कलणारी मान. समोर बसून बघता बघता मलाच वाटायचं, खाली फरशी नाहीच, ढग आहेत, आणि आमचं घर कुठेतरी संथ तरंगत चाललंय.

एकच गोष्ट जिवाला खायची. घराचं दार हे स्वतः उघडत नसत. बाहेरून आले की दारासमोर नुसते उभे. मी उघडलं की डोळे घट्ट मिटून घ्यायचे. मग माझ्याकडे असं बघायचे, जणू मी खरी नाहीच. नवरा घरात होता आणि घरी आला नव्हता.

एकदा धीर करून विचारलं. हळूच म्हणाले, "कोठडीत मी डोळे मिटून रोज उडायचो गं. आपल्या घरावर यायचो. तू गच्चीवर कपडे वाळत घालत असायचीस. एकदा मोह झाला. विचारलं, उतरू का? तू गोड आवाजात म्हणालीस, उतरा. घराचं दार उघडलं, तर समोर पहारेकरी, हातात पाण्याचा डबा. त्यानंतर नुसत्या घिरट्या घातल्या. उतरलो नाही." माझ्या मनगटाला जपून बोट लावून म्हणाले, "आताही तू इतकं गोड बोलतेस, की भीती वाटते."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. आणि मला मेलीला अक्कल बघा, त्या दिवसापासून आणखीच गोड झाले.

मग एका दुपारी घर पुसून हवा यायला दारं सताड उघडी ठेवली होती. हे बागेतून आले ते पाणी घातलेल्या वाफ्यातूनच. चिखलाचे बूट थेट ओल्या फरशीवर, तेही स्वप्नात चालल्यासारखे संथ. तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो! डोळे आहेत की बटणं? आत्ता कंबर मोडून पुसलंय मी! व्हा बाहेर! पाय पुसल्याशिवाय आत यायचं नाही!"

हे मागे फिरले. मी धाडकन दार लोटलं.

आवाज घरभर घुमला. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. ज्या माणसावर इतकी वर्षं दार लावलेलं होतं, त्याच्यावर मी माझ्या हाताने दार लावलं होतं.

मी दाराच्या मुठीला हात घातला, तेवढ्यात पलीकडे काहीतरी घासलं. काथ्याच्या पायपुसण्यावर बूट. एक, मग दुसरा. सावकाश, टाचांसकट.

मग घोगरा आवाज आला. "टॉवर... उतरू का?"

गोड बोलायचं नव्हतं, एवढं आता कळलं होतं. "पुसलेत का नीट?" मी खेकसले. "मग उतरा!"

मी मुठीवरचा हात काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरले. मूठ बाहेरून फिरली. दार उघडलं, आणि हे डोळे उघडे ठेवून आत आले.