राखून ठेवलेला डाव

हडपसरला सोलापूर रस्त्यालगत डॉ. दिग्विजय काळभोर यांचं छोटं हॉस्पिटल होतं. आसपास आयटी पार्क उभे राहिले, माणसं वाढली, तसे पेशंटही वाढले. 'ऑपरेशन करायचं तर सरांच्याच हातून,' असं लोक म्हणत. सरांना ते ऐकायला आवडे. का आवडू नये? तुम्हाआम्हालाही आवडलं असतं.

पण वाचकहो, याची एक दुसरी बाजू होती. सरांच्या थिएटरमध्ये सुरी दुसऱ्या कुणाच्या हातात जातच नसे. शिकायला आलेला डॉक्टर कितीही हुशार असो, त्याने जखमेची कड हुकाने ओढून धरायची आणि मुकाट्याने बघायचं.

त्या वर्षी हूक धरायला डॉ. चिसोमो बांदा होते. हे आफ्रिकेतल्या मलावीचे. एमबीबीएस पुण्यातच केलं, मायदेशी जाऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात नोकरी केली, आणि सर्जरी शिकायला पुन्हा पुण्यातच आले. मिसळीवर जास्तीचा रस्सा मागण्याइतकं मराठी त्यांना येत होतं, किंबहुना त्याहून बरंच जास्त.

एके दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "सर, पुढच्या महिन्यात मी परत जातोय. आमच्या जिल्ह्यात एकही सर्जन नाही. साधा हर्निया अडकला तरी माणसाला सायकलवर बसवून आणतात, आणि आम्ही पुढच्या शहराकडे बोट दाखवतो. तिथे तो पोचत नाही. मला एक तरी ऑपरेशन सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू द्या."

"अहो, बघून बघून येतं सगळं," सर म्हणाले. "माझे वडील लोणी काळभोरच्या तालमीचे वस्ताद. ते म्हणायचे, वस्तादाने एक डाव स्वतःजवळ राखून ठेवायचा."

डॉ. भाग्यश्री, म्हणजे सरांच्या पत्नी, याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मामंजींनी एक राखला. तुम्ही एकच शिकवलात, हूक धरायचा. बाकीचे सगळे राखलेत."

सर हसले आणि विषय तिथेच संपला.

पुढच्याच सोमवारी सकाळी लोणीहून एक जीप आली. आत सरांचे वडील, रंगराव वस्ताद, पोट धरून कळवळत होते. त्यांना कित्येक वर्षांपासून हर्निया होता. पैलवानाला असलं काही होत नसतं, असं स्वतःला बजावून त्यांनी तो लंगोटाखाली घट्ट आवळून ठेवला होता. मुलगा सर्जन, आणि बापाचा हर्निया मुलालाच ठाऊक नाही! आता आतडं अडकलं होतं. ते काळं पडायच्या आत सोडवायला हवं होतं.

आपल्या माणसावर आपण सुरी धरायची नाही, हा सर्जन लोकांचा जुना नेम. सरांनी पुण्यातल्या एका सर्जन मित्राला फोन केला. मित्र लगेच निघाला, पण कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता असा तुंबला होता की त्याची गाडी जागची हलेना. नेम मोडून मीच करतो, असं म्हणत सर हात धुवायला गेले, आणि नळाखाली त्यांना आपली बोटं थरथरताना दिसली.

"भाग्यश्री, माझ्याच्याने नाही होणार," ते परत येऊन म्हणाले.

"मला सासऱ्यांना भूल द्यायला काहीच अडचण नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि सर्जन तुमच्या शेजारी उभा आहे. रोज खुर्चीच्या पायाला दोरा बांधून टाक्यांच्या गाठींचा सराव करत बसतो तो. तुम्ही कधी पाहिलंत का?"

तेवढ्यात स्ट्रेचरवरून रंगराव बोलले.

"दिग्या, म्या एक डाव राखला. कुनाला दिला न्हाई. पोरं म्हनली, म्हाताऱ्याचा इस्वास न्हाई, आन् एकेक करून गेली. आज तालमीला कुलूप हाय. राखलेला डाव संगं घिऊन मी चाललोय, त्याचा कुनाला उपेग? दे त्या डॉक्टरला सुरी. माझी हरकत न्हाई."

चिसोमोंनी पुढे होऊन त्यांच्या पायांना हात लावला.

आणि त्या थिएटरात कधी घडलं नव्हतं ते घडलं. सुरी चिसोमोंच्या हातात होती आणि समोर हूक धरून दिग्विजय सर उभे होते! पहिला छेद घेताना चिसोमो क्षणभर थांबले. "बरोबर आहे. पुढे चला," सर म्हणाले. नाजूक जागा आली की सर आधी सांगत, मग चिसोमोंचा हात चाले. अडकलेलं आतडं मोकळं झालं. जांभळा रंग हळूहळू जाऊन गुलाबी झाला, तेव्हा हूक धरलेल्या सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील वाचले म्हणून आलं, आणि आपल्या हाताखाली एक सर्जन तयार होतोय या अभिमानानेही आलं.

चिसोमोंनी परत जाणं लांबवलं. उरलेले सगळे डाव सरांनी त्यांना शिकवले, एकही मागे न ठेवता. रंगरावांनीही बरे झाल्यावर तालमीचं कुलूप काढलं, आणि खुर्चीत बसून राखलेला डाव पोरांना दाखवला.

काही वर्षांनी मलावीहून इंटरनेटवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर चिसोमो आणि शेजारी एक लाजरी तरुण डॉक्टर.

"सर, आज हिने अडकलेला हर्निया सोडवला. पेशंट सायकलवरच आला होता. तो वाचला."

"वा! आणि तुम्ही काय केलंत?"

"मी हूक धरला, सर."

दिग्विजय सरांनी पडद्यापुढे हात जोडले. शेजारून भाग्यश्रीताई म्हणाल्या, "आता खरे वस्ताद झालात तुम्ही. दोघेही."

मित्रहो, आपल्या हाताला यश आहे याचा अभिमान जरूर असावा. पण एका माणसाचे हात पुरून पुरून किती पुरणार? आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या हातात देऊया, आणि तो चुकू नये म्हणून त्याच्यासमोर हूक धरून उभे राहूया. हडपसरला दिलेली विद्या अशीच मलावीत एका माणसाचा जीव वाचवायला कामी आली.