कठड्यातली फुलझाडं

मित्रांनो, मी नदीच्या घळईकाठचा एक जुना राज्य महामार्ग आहे. सरळ चालणं माझ्या रक्तातच नाही. नदी जिथे वळली, तिथे मीही वळलो. डोंगर फोडून माणसांनी मला घडवलं, कडेला दगडी कठडा बांधला आणि पाणी जायला त्याच्या तळाशी भोकं ठेवली. भोकांचं कौतुक कोण करणार? कौतुक सगळं माझ्या मोठ्या वळणाचं. तिथून खाली हिरवंगार पाणी दिसतं आणि भल्याभल्यांच्या गाड्या आपोआप थांबतात.

त्याच वळणावर वहिनींची चहाची टपरी आहे. वहिनी म्हणजे माझी डागडुजी करणाऱ्या मुकादमाची भावजय, म्हणून आता साऱ्या रस्त्याचीच वहिनी. नवऱ्यामागे दोन मुली त्यांनी या टपरीवर वाढवल्या. माझ्यावर त्यांचा भारी जीव. गेल्या वर्षी त्यांनी हौसेने त्या भोकाभोकांत माती दाबून फुलझाडं लावली. लोक फोटो काढू लागले आणि मीही, खोटं कशाला बोलू, नवरदेवासारखा मिरवू लागलो.

मग पावसाळा आला. पाण्याला वाट मिळेना. ते माझ्या पोटात मुरलं, कड खचली आणि बांधकाम खात्याच्या साहेबांनी मला बंद करून वाहनं पलीकडच्या बोगद्यातून वळवायचं ठरवलं. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. गाड्याच नाहीत, तर गिऱ्हाईक कुठलं?

मुकादम कठड्याशी वाकला आणि त्याने कपाळावर हात मारला.

"वहिनी, रस्त्याचं नाक दाबलंत की हो तुम्ही!"

खाली बसून वहिनींनी आपल्याच हातांनी एकेक झाड उपटलं. डोळे भरून आले होते त्यांचे. गढूळ पाणी भसाभसा बाहेर पडलं आणि मला जे हलकं वाटलं, ते काय सांगू! कड पुढे खचेना, तेव्हा साहेबांनी ती दगडांनी बांधून घेतली. मी वाचलो, टपरीही वाचली.

आता ती फुलझाडं जुन्या डब्यांत, टपरीच्या दारात फुलतात. रोज शेगडी पेटवण्याआधी वहिनी काठीने भोकं मोकळी करतात. मित्रांनो, या, खुशाल फोटो काढा, माझ्यावर माया करा. पण ज्याच्यावर माया कराल, त्याला काय सोसतं तेही बघा. आणि भोकात चहाचा कप कोंबलात, तर वहिनींच्या काठीशी गाठ आहे!