सोऱ्या तोच, चकती नवी

कल्पना करा बाळांनो, उन्हं कलली आहेत. डिंगोरे गावात उसाच्या बांधावर तुम्ही गवत कापताय आणि फोन वाजतो. कानाला लावता, तर यंत्र बोलतं, "सदर परिसरात बिबट्याचा वावर निदर्शनास आला असून नागरिकांनी..."

ठकूबाई इथेच फोन कापायच्या. "मेलं लोनवाल्यांचं रोजचंच!" गेल्या आठवड्यात असाच कापला, आणि बिबट्याने त्यांची गाभण शेळी उचलली.

त्यांची नात संस्कृती तणतणत ओतूरला यास्मिनदीदीच्या संगणक वर्गात गेली. गावाला फोन करणारा तो प्रोग्राम यास्मिननेच लिहिला होता.

"दीदी, वाक्य बदल आधी! आमच्याकडं बिबट्या कोन म्हनतं? वाघ म्हन, वाघ! उद्या आज्जीलाच नेलं तर?"

यास्मिन ओशाळली. "बदलाया गेले व्हते गं. पन ते प्रोग्राममधी धा ठिकानी घुसलंय. एक चिन्ह इकडचं तिकडं झालं, आन समदंच बंद पडलं."

बोलता बोलता ती एकदम उठलीच. "तुझी आज्जी शेव करती, चकलीबी करती. दर येळी नवा सोऱ्या आनती का?"

"ह्या! चकती बदलती नुसती."

"मंग? आपुन काय येडे हाय का!"

झालं! दोघींनी सगळी वाक्यं प्रोग्राममधून उपटून वेगळ्या फाइलीत ठेवली. ही फाइल म्हणजे चकती. प्रोग्राम म्हणजे सोऱ्या. त्याने फक्त खबर चकतीतून बाहेर ढकलायची. संस्कृतीने लिहिलं, "[कोणाच्या] उसात वाघ आलाय. घरी चला. पोरं आत घ्या." वाघ दिसल्याची खबर आली की कंसात नाव भरायचं काम प्रोग्रामचं.

चारच दिवसांत ठकूबाईंचा फोन पुन्हा वाजला. त्या बांधावरच होत्या.

"हौशीरामच्या उसात वाघ आलाय. घरी चला..."

हौशीरामचा ऊस म्हणजे अगदी शेजारचा! "आले गं बाई, आले!" ठकूबाई यंत्रालाच म्हणाल्या आणि भारा तिथेच टाकून निघाल्या.

त्या दारात पोचताच संस्कृतीने त्यांना मिठीच मारली. "आज्जे, कळलं ना सगळं?"

"कळलं की. लई गुनाची पोरगी बोलती." मग रिकाम्या दाव्याकडे बघत त्या पुटपुटल्या, "पोरं आत घ्या म्हनती. शेरडांचं कुनी सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी दप्तर खांद्यावरून न काढताच संस्कृतीने वर्गात ती फाइल उघडली. 'पोरं'च्या पुढे 'शेरडं' लिहिलं. प्रोग्रामला हातही लावला नाही.