सशाचा सोमवार

शिरवण्याच्या येसूबाईला श्रावण म्हणजे शिक्षाच. अकरा महिने डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकत हिंडणारी बाई महिनाभर घरी बसली, की घरातल्यांची धडगत नसे. त्र्याऐंशी सालच्या श्रावणात तिच्या तावडीत दोघं होते, सून जमुना आणि एक ससा.

ससा होळीच्या सुमारास आणला होता तिच्या मुलानं, जयदेवनं. तो जवळच्याच एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होता. तिथं औषधं टोचून बघायला ससे ठेवायचे. त्या सशांची निगा राखणाऱ्या किसननं जास्तीचा एक पांढरा ससा त्याला दिला आणि बजावलं, "गवत घाल. दिवसभर गवत. बाकी लाड नको." जयदेवनं घरी येऊन तसं सांगितलं, तर येसूबाई फिसकन हसली. "गवत ढोरांना घालतात. घरात आलेला जीव भात खाईल." झालं! मऊ भात, चहात बुडवलेलं बिस्कीट, वर गुळाचा खडा. गावाभोवतीची शेतं नव्या मुंबईसाठी सिडकोनं घेतली होती, त्यांत गुडघाभर गवत माजलं होतं, आणि हा बापडा घरात बसून बिस्किटं खात होता.

जमुनाचा त्याच्यावर भारी जीव. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, उठता-बसता टोमणे. ससा तेवढा आपणहून यायचा आणि तिच्या पायाला हनुवटी घासायचा. त्या घरात तिच्याजवळ आपणहून येणारं दुसरं कोणी नव्हतं.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सशानं भाताला तोंड लावलं नाही. शेजारची सुंदराबाई सहज बोलून गेली, "येसूबाय, याचा पन सोमवार हाय का गो?"

येसूबाईनं कपाळाला हात लावला. "आगो बाय! शंकराचा जीव गो हा!"

तासाभरात आळी लोटली. बेल आला, हार आला, सशाच्या कपाळावर ओलं कुंकू फासलं. संध्याकाळी उपास सोडायची वेळ झाली, तरी तो खाईना. "निर्जळी धरलाय," येसूबाईनं जाहीर केलं आणि त्याच्यापुढची पाण्याची वाटीसुद्धा उचलली. कुणाच्या डोक्यात एवढंही आलं नाही, की मुकं जनावर खात नाही म्हणजे त्याला काहीतरी होतंय.

जमुनाच्या आलं. मंगळवारी तिनं मूठभर दूर्वा आणून त्याच्यापुढे धरल्या. ससा हपापून पुढे आला, तोंडात घेतल्या आणि चावता न आल्यानं टाकून दिल्या. त्याची हनुवटी लाळेनं भिजली होती. तेवढ्यात येसूबाईनं चुलीतला चिमटा तिच्या मनगटावर हाणला. "त्याचा उपास मोडतेस? असली पापं करतेस म्हनून कूस उजवत नाय तुझी!"

दुपारी ससा अंग चोरून कोपऱ्यात बसला आणि दात करकर वाजवू लागला. "ऐका, जप करतोय," येसूबाई म्हणाली. जमलेल्या बायांनी हात जोडले. जमुनाला रडू आवरेना.

"किसनला बोलवा हो," तिनं नवऱ्याला विनवलं, "मरेल तो."

बुधवारी पहिली पाळी संपल्यावर जयदेव किसनला घेऊन आला. किसननं ओटीवर पाय ठेवला आणि हात जोडले, "जयभीम, आजी."

येसूबाईचा चेहराच बदलला. "तिथंच थांब. काय सांगायचं ते लांबून सांग. देवाच्या जीवाला तुमचा हात नको." जयदेव आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मेल्याला तेवढंच जमायचं.

किसननं अपमान गिळला. "ताई, तोंड उघडा त्याचं."

जमुनानं उंबऱ्याच्या आतून सशाचा ओठ वर केला. वरचे दात वळून टाळूत रुतले होते.

"सशाचे दात नखांवानी वाढत ऱ्हातात," किसन म्हणाला. "गवत चावून झिजतात. भातानं काय झिजनार? जप कसला, आजी? लई दुखलं की ससा असे दात वाजवतो. सहसा ओरडत न्हाई तो." त्यानं खिशातून छोटी पक्कड काढली. "द्या इकडं. दोन मिनटात छाटतो. मग गवताचा रस पाजू, कदाचित जगंल."

जमुना सशाला पदरात घेऊन उठली. येसूबाई दारात आडवी झाली.

"उंबरा ओलांडलास, तर परत आत यायचं नाय. माहेराला जा, नायतर खाडीत जा."

जमुनाच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. ती थांबली. किसन हात पुढे करून उभा होता, जेमतेम दोन हातांच्या अंतरावर. पदरातला जीव किती हलका झालाय, हे तिला कळत होतं, आणि पाय उचलत नव्हता. सशानं एकदा मागचे पाय झाडले, आणि मग काहीच नाही.

"गेला!" येसूबाईनं हात जोडले. "कैलासाला गेला गो!"

किसन पक्कड खिशात घालून वळला, तशी ती मागून ओरडली, "मोठा आला शिकवनारा! कंपनीत तरी काय करता त्यांचं? मारताच ना?"

"मारतो, आजी," किसन म्हणाला. "पन उपाशी ठिवून न्हाई." आणि तो गेला.

आळीतल्या बाया हार घेऊन इकडे यायला निघाल्याच होत्या. येसूबाईनं गोमूत्राचा तांब्या सुनेपुढे धरला. "तो उभा होता तिथं शिंपड, लवकर."

जमुनानं ससा खाली ठेवला, तांब्या घेतला आणि शिंपडलं. त्यासाठी तिला उंबरा ओलांडावा लागला. कोणी अडवलं नाही.