देवीच्या वाटणीचं जेवण

“एवढा गजरा माळून कुठून आलात, कुंदाताई?” डॉक्टर मृणालींनी विचारलं.

“आमच्या गल्लीतल्या सुलभावहिनींकडून. श्रावणातला पहिला शुक्रवार ना आज! सवाष्ण होते त्यांची,” कुंदा शिवलकर म्हणाली आणि मांडीवरची पिशवी तिने सावरून धरली. पिशवीत ओटीचा नारळ होता, ब्लाउजपीस होता, आणि वहिनींनी बळेबळे डब्यात घालून दिलेल्या दोन पुरणपोळ्या होत्या.

डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट टेबलावर ठेवला. सहा महिन्यांपूर्वी, माघात, कुंदाच्या यकृतावर चरबी निघाली होती. पुढची तपासणी केली तर ते ताठरायलाही लागलेलं. तेव्हा डॉक्टरांनी रीतीप्रमाणे दारूचं विचारलं, तर कुंदाने “अगो बाई!” म्हणून तोंडाला पदर लावला होता. मग साखर बंद, तळण बंद, भात वाटीभर, रोज चालणं, असं सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. कुंदाने तो कागद देवाच्या फळीवर ठेवला आणि, खोटं कशाला बोला, घरात तरी अक्षर न् अक्षर पाळला. तरी आजचा रिपोर्ट मागच्यापेक्षा वाईट होता आणि वजन दीड किलोने वर गेलं होतं.

“आज दुपारी काय जेवलात?”

“वरणभात, अळूवडी, भजी, खीर, पुरणपोळ्या.”

“पोळ्या किती?”

“चारच. नि वर वाटीभर तूप. वहिनी सोडतेय कसली!”

“आणि मघाशी मला म्हणालात, गोड बंद आहे.”

“बंदच आहे की!” कुंदाला खरोखरच कळेना. “ते माझं जेवण नाय मॅडम. ते देवीचं. सवाष्णीच्या मुखाने देवी जेवते. ते आपल्या अंगाला कसं लागेल?”

डॉक्टर मालगुंडच्या. त्यांच्या आईकडेही शुक्रवारी सवाष्ण असायची, म्हणून त्या हसल्या नाहीत. वर्षाकाठी अशी जेवणं किती होतात, एवढंच त्यांनी विचारलं. कुंदा बोटांवर मोजू लागली. श्रावणातले शुक्रवार, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, चैत्रातली हळदीकुंकवं, मध्ये कुणाची वास्तुशांत, कुणाचं बारसं. बोटं संपली तशी ती पेरांवर आली, आणि पेरं संपायला लागली तेव्हा तिचा आवाज आपोआप बारीक झाला.

“कुंदाताई, देवी जेवत असेलही,” डॉक्टर म्हणाल्या, “पण देवीला स्वतःचं यकृत नाही. ती तुमचंच वापरते. अजून मागे फिरता येतं, तोवर फिरा. दोन वर्षं असंच चाललं तर माझ्याही हातात काही राहणार नाही.”

मांडवीच्या गल्लीपर्यंत कुंदा चालत आली ती स्वतःशी पुटपुटतच. भाकरी खायला तिची काही हरकत नव्हती. भात कमी, तर कमी. पण सवाष्णीचं ताट सोडायचं म्हणजे काय, हे त्या पोरसवदा डॉक्टरला कोण सांगणार?

कुंदाचा नवरा गंगाराम ट्रॉलरवर खलाशी. सोळा वर्षांपूर्वी हंगामाला म्हणून वेरावळला गेला आणि तिकडेच त्याने दुसरं बिऱ्हाड केलं. मूल नव्हतं, त्यामुळे भांडायलाही कुणी आलं नाही. कुंदा काजूच्या कारखान्यात बी सोलायला जायला लागली. दिवसभर टोपलीपुढे बसायचं, संध्याकाळी घरी येऊन टोपातला भात टोपातच कालवायचा आणि ओट्याशी उभ्याने खायचा. ताट घ्यायचं तरी कुणासाठी? गल्लीत तिच्याबद्दल लोक हळहळायचे, मागून बोलायचेही. पण नवरा जिवंत होता, कपाळाला कुंकू होतं, आणि श्रावण आला की पहिली हाक तिलाच यायची.

कारण कुंदासारखी जेवणारी सवाष्ण रत्नागिरीत शोधून सापडली नसती. हल्लीच्या बायका पाटावर बसल्या की चिमणीसारखं टिपतात, ‘नको नको’ करतात, यजमानणीचा जीव अर्धा होतो. कुंदाचं तसं नव्हतं. कुंदा जेवली की देवी जेवली, असं सुलभावहिनी चारचौघांत म्हणायच्या. पाटाभोवती रांगोळी, पाय धुवायला कोमट पाणी, आणि समोर कुणीतरी बसून म्हणतंय, “घे गो, अजून एक घे.” वर्षातून तीसेक वेळा कुणीतरी तिला जेवायचा आग्रह करत होतं. तेवढ्यावर तिचं बाकीचं वर्ष निघत होतं.

तो पुढचा आठवडा तिने नुसता विचारात घालवला. वहिनींना आधीच सांगून ठेवावं, हे शहाणपणाचं होतं. पण आधी सांगितलं आणि त्या म्हणाल्या, ‘मग राहू दे,’ तर? म्हणून ती काही बोलली नाही. दुसऱ्या शुक्रवारी न्हाऊन, नेसून, बारा वाजता वहिनींच्या पाटावर जाऊन बसली.

नैवेद्य झाला. वहिनींनी पानात पहिली पोळी वाढली. कुंदाने तिचा चतकोर मोडून घेतला आणि उरलेली उचलून परत परातीत ठेवली. वहिनी तुपाचं भांडं घेऊन आल्या तेव्हा तिने पानावर हात आडवा धरला.

“काय गो? बरं नाय वाटत?”

“वहिनी, वरण नि भाजी पोटभर जेवते. भात घासभर घाला. गोड प्रसादापुरतं घेतलंय. डॉक्टरांनी बंद केलंय, लिव्हर खराब झालंय माझं.”

वहिनींनी भांडं खाली ठेवलं. “लिव्हर? लिव्हर आमच्या विनोदभावजींचं गेलेलं. ते पीत होते. तुला कसं गो?”

कुंदाच्या कानशिलांना कढ आला. “न पिणाऱ्यांचंपण होतं म्हणे. चरबी साचते.”

“होत असेल बाई. पण आज जिवतीचा वार. माझा सर्वेश बोटीवर आहे, आत्ता भर समुद्रात. त्याच्यासाठी घालते मी हे जेवण. नि तू पानावर हात धरतेस?”

वहिनी दुष्ट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या, आणि ते कुंदाला स्पष्ट दिसत होतं. एकुलता एक मुलगा, बाहेर श्रावणातला समुद्र, आणि देवी म्हणून बसवलेली बाई ‘नको’ म्हणतेय. हात बाजूला घेतला असता तर सगळं निभावलं असतं. दोन पोळ्या, वाटीभर तूप, त्यात काय मोठंसं? एका जेवणाने कुणी मरत नाही. पण एका जेवणाने कुणी मरत नाही असं म्हणतच तीस जेवणं होतात, हे आता तिला पेरांवर मोजून झालं होतं.

“सर्वेशला काय होणार नाय वहिनी,” ती म्हणाली. “मी मनापासून सांगते. भाजी वाढा.”

वहिनींनी भाजी वाढली. ओटीही भरली, अगदी रीतीने भरली. दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, “आधी बरी हो बाई. मग बघू.”

तिसऱ्या शुक्रवारी दुपारी कुंदाने खिडकीतून बघितलं. दोन घरं सोडून राहणारी नवी सून, संस्कृती, भरजरी साडी सावरत वहिनींच्या पायऱ्या चढत होती. कुंदा आत आली आणि पाणी प्यायली. मग तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

गल्लीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. नवरात्रात फक्त एका घरून बोलावणं आलं, मार्गशीर्षात एकही नाही. कुणी वाईट वागलं नाही. वाटेत भेटल्यावर सगळ्या विचारायच्या, “बरं आहे ना गो?” आणि पुढे जायच्या. कुंदा पहाटे मांडवीच्या जेट्टीपर्यंत चालून यायची. तिथे वाळूवर फिरायला येणारी माणसं जोडीजोडीने असायची, म्हणून ती कडेकडेने चालायची. नाचणीची भाकरी, पालेभाजी, आमटीतली बांगड्याची तुकडी, मूठभर भात. कुणी ‘अजून घे’ म्हणणारं नव्हतं, त्यामुळे पथ्य पाळणं तसं सोपंच गेलं. ब्लाउज ढगळ झाले. ते तिने स्वतःच बसून आत घेतले.

पुढच्या आषाढात डॉक्टरांनी तिला पुन्हा मशीनखाली घेतलं. रिपोर्ट हातात आला तशा त्या उठून उभ्याच राहिल्या.

“कुंदाताई, नऊ किलो! आणि यकृत बघा, कितीतरी मऊ पडलंय. चरबी जवळजवळ गेली. शंभरात दहा माणसंसुद्धा असं करत नाहीत.”

“खरं म्हणता?”

“खरं. जा, घरी सांगा सगळ्यांना. आज तुमचं कौतुक व्हायला पाहिजे.”

“हो,” कुंदा म्हणाली. “सांगते.”

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिली. आनंद तर झाला होता. अगदी घशापर्यंत आला होता. पण तो कुणाला सांगायचा, तेच सुचेना. वहिनींना सांगावं, तर त्यांना वाटेल ही बोलावणं मागायला आली. कारखान्यातल्या बायका ‘बरं झालं’ म्हणतील आणि टोपली पुढे ओढतील.

दोन दिवसांनी दिव्यांची अमावास्या आली. या दिवशी कुंदा दर वर्षी एक काम करायची, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. श्रावण लागायच्या आत ती गंगारामला फोन करायची. नवरा गेला असेल आणि आपल्याला खबर नसेल, आणि तशात आपण कुणाच्या लेकरांसाठी सवाष्ण म्हणून पाटावर बसलो, तर केवढं पाप! म्हणून विचारून घ्यायचं. तो फोन उचलायचा, ती म्हणायची, “बरे आहात ना?” तो म्हणायचा, “बरा आहे.” की झालं. इतक्या वर्षांत याच्यापुढे बोलणं गेलं नव्हतं.

यंदा बोलावणं नव्हतं, तर फोनचंही काही कारण नव्हतं. तरी दिवे घासूनपुसून मांडल्यावर तिने नंबर लावला.

तिकडे टीव्ही चालू होता. गंगाराम खोकला आणि तिच्या विचारण्याची वाट न बघताच म्हणाला, “हां, बरा आहे मी.”

“तुमचं नाय विचारत यंदा,” कुंदा म्हणाली. “मी बरी आहे. तेवढंच सांगायचं होतं.”

पलीकडे कुणीतरी टीव्ही बारीक केला.

“काय झालेलं तुला?” गंगारामने विचारलं.

कुंदाने फोन कानाला घट्ट धरला. गेल्या वर्षीच्या माघापासूनचं सगळं एकदम तोंडाशी आलं. कागद, चतकोर पोळी, पानावर धरलेला हात, जेट्टीवरच्या त्या जोड्या. सांगायला बसली असती तर पुरा तास लागला असता.

“आता काय नाय,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग तिने फडताळातलं ताट काढलं, पुसलं, आणि त्यात भाकरी वाढून घेऊन ती जेवायला खाली बसली.