बिनधुराची पेटी

बेकरीची भट्टी वहिनीच्या सासऱ्यांनी पेटवली होती आणि ती कधी विझू द्यायची नाही, हा घरचा नियम होता. घरात लग्नं लागली, माणसं गेली, दुकानाला कुलूप लागलं, तरी आत निखारा धुमसत असायचाच. त्या धुराने त्यांच्या थोरल्या मुलाची छाती मात्र पार पोखरली. तो खोकायला लागला की गिऱ्हाईकं पाव हातात धरून उगाचच रस्त्याकडे बघत राहायची. "धूर सोडा, नाहीतर पुढचं मी सांगत नाही," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून त्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनीच्या, डोळ्याला डोळा लागत नव्हता.

अशात धाकटा दीर पेटी घेऊन आला. पत्र्याची, चौकोनी, मागून दोन तारा लोंबणारी.

"जाळ काढून टाका आणि ही आत ठेवा. लाकूड नको, धूर नको. भट्टीतली उष्णता ही धरून ठेवते, कमी पडली तर वाढवते."

"केसांच्या तेलासारखीच का, भाऊजी?" वहिनी म्हणाली.

ते तेल त्याने सगळ्या गल्लीच्या गळ्यात मारलं होतं. केस पांढरेच राहिले, उशा तेवढ्या काळ्या झाल्या. मग कधीच बंद न पडणारी घड्याळं निघाली, आणि त्या घड्याळांपायी तो तुरुंगाची हवा खाऊन आला होता.

"मारा टोमणे, वहिनी. पण ही मी नाही बनवली. मी विकतो फक्त. दादाचा खोकला ऐकवत नाही म्हणून पहिली इथे आणली."

वहिनी त्याला नवी नवरी म्हणून आल्यापासून ओळखत होती. खोटं बोलताना तो साखर पेरायचा, नजर रोखून बोलायचा, पोराबाळांची चौकशी करायचा. आज तो अडखळत होता आणि नजर जमिनीला होती. तिने त्याला उलटसुलट विचारलं, चहा देऊन पुन्हा विचारलं. खोट सापडली नाही.

"ठेवून बघू या," ती नवऱ्याला म्हणाली. तो नियमाचं काहीतरी पुटपुटला आणि खोकल्याने त्याला पुढे बोलू दिलं नाही.

निखारे ओढून काढले, पेटी आत गेली. सकाळी पाव निघाले ते तांबूस, टम्म फुगलेले. थोरला किती वर्षांनी उताणा झोपला होता. वहिनी पिठाच्या पोत्याला टेकून रडली. दुसऱ्या दिवशी पाव जरा फिके आले. "पिठात काहीतरी आहे," थोरला म्हणाला. तिसऱ्या दिवशी गोळे आत ठेवले तसेच पांढरेफटक बाहेर आले. त्याने आत हात घातला. भट्टी गार होती.

गिऱ्हाईकं दारात उभी होती. पेटी बाहेर फेकून त्याने सापडेल तेवढं लाकूड एकदम कोंबलं आणि पेटवलं. दुपारी कडाड्‌ आवाज झाला. गार पडलेल्या विटांना एकदम आलेला जाळ सोसला नाही; भट्टीचा घुमट या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला आणि मधल्या विटा पावांच्या पत्र्यांवर कोसळल्या.

"पेटीने काहीच केलं नाही गं," थोरला राखेत बसून म्हणाला. "बापाच्या वेळेपासून तापलेली वीट. दोन दिवस तीच पाव भाजत होती. आपण कधी विझूच दिली नाही, मग विझल्यावर ती किती टिकते हे कळणार कसं?"

धाकटा संध्याकाळी आला, तो दारातच थिजला.

"वहिनी, आईशपथ, या वेळी मी खोटं बोललो नव्हतो. ज्याने दिली त्याने मलाच फसवलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "खोटं बोलला असतात तर मी तेव्हाच ओळखलं असतं. मी तुम्हालाच तपासत बसले हो, पेटीकडे बघितलंच नाही."

तो हळूच म्हणाला, "पेटी नेऊ का? एका गिऱ्हाइकाला दाखवायचं कबूल केलं आहे."

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. तो विटा उचलून भिंतीशी रचत होता आणि आता त्या धुळीने खोकत होता.

"न्या," ती म्हणाली.