मगरीचा डोळा

मित्रांनो, मी विणकामाचा एक जुना नमुना आहे. बांबूच्या दोनशे बारा काड्या आणि सुती दोरे, एवढाच माझा देह. सुंबा बेटावरच्या कोन्गा नावाच्या विणकरणीनं मला बांधलं. पुढे मी तिची नात दांगा हिच्याकडे आलो. माझ्याकडे बघून ती मागावर ताण्याचं नेमकं उभं सूत उचलायची आणि कापडात घराण्याची मगर उमटायची. आमच्याकडे माणूस गेला की त्याला त्याच कापडात गुंडाळून पुरतात. मगर नसेल, तर पूर्वज ओळखत नाहीत.

एकदा जावाहून विद्यापीठाचे डॉक्टर आले. दांगाच्या हातचा भात त्यांनी खाल्ला आणि दोन महिन्यांसाठी मला मागून नेलं. कागद दांगाला न येणाऱ्या भाषेत होता. तिनं अंगठा उठवला.

तिथे माझं फार कौतुक झालं. कुणीतरी माझ्या दोन तिरप्या काड्या हौसेनं सरळ केल्या. मग माझा फोटो पुस्तकावर छापला गेला आणि मी खणात गेलो. वर चिठ्ठी होती : ‘सुंबा. बनवणारी अज्ञात.’ चौदा वर्षं. त्या अंधारात मधूनच माझा एखादा दोरा ताणला जाई, दांगा ओढायची तसा.

अकराव्या वर्षी दांगा गेली होती, हे मला नंतर कळलं. आमच्या रीतीप्रमाणे तिचा देह गुडघे छातीशी घेऊन, साध्या कापडात गुंडाळून आतल्या खोलीत बसवला होता. मगरीचं कापड आल्याशिवाय पुरायचं नाही, असं तिची मुलगी लिका हिनं ठरवलं. रोज ती आईपुढे भात आणि सुपारी ठेवी. शेजारणी विचारत, “आई अजून बसलीच आहे का गं?”

“बसलीय. तुमच्यासारखी उंडारत नाही ती,” लिका म्हणे.

त्याच विद्यापीठातल्या रतिह नावाच्या तरुण प्राध्यापिकेला डॉक्टरांच्या वहीत दांगाचं नाव सापडलं. ती माझे फोटो घेऊन गावी गेली. लिकानं ते परत केले. “फोटोतल्या या दोऱ्याला बोट लावून बघा, बाई. हलतो का?”

वर्षभर समित्या बसल्या. अखेर गावच्या बोलीतला करार दांगासमोर मोठ्यानं वाचला गेला. विद्यापीठ मला गावाला देणगी देत आहे, असं त्यात होतं.

“आमचीच वस्तू, आणि देणगी?” लिका म्हणाली. “परत केली, असं लिहा. पुन्हा बघायची झाली तर इथं या. आईला विचारून बघा.”

रतिहनं तिथंच खोडून लिहिलं.

मी घरी परतलो आणि लिकानं चार महिने विणलं. शेपूट आली, पाय आले, दात आले. डोळ्याच्या जागी कोरं कापड राहिलं. डोळा त्या दोन तिरप्या काड्यांत होता. पुस्तकातला फोटोही काड्या सरळ केल्यानंतरचा निघाला. त्या किती तिरप्या होत्या, हे दांगाच्या बोटांना ठाऊक होतं. मलाही आठवतं, पण काडी आपणहून वळत नाही.

लिका आईजवळ जाऊन बसली. “आई, मगर आंधळी आलीय. वाट तूच दाखव तिला.”

दुसऱ्या दिवशी दांगाला पुरलं.

मित्रांनो, कुणाच्या घरून काही शिकायला न्याल, तर बनवणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि सांगितल्या दिवशी परत करा. वाकडं दिसलं तरी आधी विचारा. सांगणारं माणूस आहे तोवरच विचारा.

आता मी पुन्हा घरच्या आढ्याला टांगलेला आहे. अजूनही कधी दोरा ताणला जातो. त्या दोन काड्यांपाशीच.